एकाच किल्लीची दोन कुलपं

१

खोका हलका लागला तेव्हा आधी धाकटीला वाटलं, इतके महिने घरात फरशा घासून आपल्याच दंडांना बळ आलंय.

टाळेबंदी उठल्याचा तो पहिला दिवस. धाकट्याने खेळण्यांच्या दुकानाचं जाळीचं शटर वर सारलं, तेव्हा ते झोपमोड झालेल्या म्हातारीसारखं करवादलं. आत सगळं होतं तसंच होतं. फळीफळीवर रंगीत खोके, ओळीने, तोंडं रस्त्याकडे. धाकटी पदर खोचून, फडकं घेऊन स्टुलावर चढली आणि सगळ्यात वरचा, बाहुलीच्या घराचा भलामोठा खोका तिने दोन्ही हातांनी ओढला. तोल जाऊन ती पडता पडता राहिली. खोका कागदासारखा वर आला होता.

"अहो, हे रिकामं कसं?"

"नमुन्याचं असेल," गल्ला पुसत असलेला तिचा नवरा मागे न बघता म्हणाला.

तिने शेजारचा उचलला. रिकामा. त्याच्याशेजारच्या खोक्यात परी-बाहुली असायला हवी होती. तो उघडला तर तळाशी चिमूटभर चमकी तेवढी उरली होती, ती तिच्या बोटांना चिकटली. पुढच्याला तिने हातही लावला नाही, नुसतं करंगळीने ढकललं. सुक्या पानासारखा सरकला.

दुपारपर्यंत दोघांनी सगळं दुकान खाली उतरवलं. खोक्यामागून खोका पोकळ. वरची सीलं शाबूत होती; तळाला मात्र पात्याने नाजूक चीर दिलेली आणि पुन्हा टेपने नीट बंद केलेली. वजन होतं एकाच खोक्यात. त्यावर दोन्ही हातांनी ढोल बडवणाऱ्या हसऱ्या अस्वलाचं चित्र होतं. त्याच्याही तळाला चीर होती, पण अस्वल आत होतं.

धाकटा स्टुलावर बसला. दाढी वाढलेली, डोळे खोल. या मालावरच दोघांची सगळी मदार होती. हा विकायचा, त्यातून नवा आणायचा, दुकान पुन्हा पायावर उभं करायचं. नाही जमलं तर समोरचा मोबाइलवाला जागा घ्यायला टपून बसला होताच. त्याला उद्या सकाळी उत्तर द्यायचं होतं.

"घेऊन टाक म्हणावं त्याला," धाकटा म्हणाला. "मी कुठेतरी गोदामात लागतो कामाला."

"असं कसं घेईल? चोर शोधू की! कुलूप तोडलं असेल, कुणी बघितलं असेल…"

"कुलूप मीच उघडलं ना आत्ता. किल्लीने."

धाकटीने फडकं खाली ठेवलं. मग तिची नजर हळूहळू वळून शेजारच्या भिंतीवर गेली. भिंतीपलीकडून साखर मापल्याचा आवाज येत होता.

२

ही भिंत पूर्वी नव्हती. सासऱ्यांचं एकच मोठं दुकान होतं, अर्ध्यात किराणा आणि अर्ध्यात खेळणी. जाण्याआधी त्यांनी वाटणी केली. थोरल्याला किराणा, धाकट्याला खेळणी, मध्ये भिंत. शटरं दोन झाली, पण कुलपं त्यांनी जुळी आणली, एकाच किल्लीने दोन्ही उघडणारी. "भिंत माणसांसाठी आहे," म्हणाले होते, "किल्लीला कशाला शिकवायची वाटणी?" भावांना एकेक आणि सुनांना एकेक अशा चार किल्ल्या स्वतःच्या हाताने वाटून ते निघून गेले. कुलपं बदलायचं कुणाच्या मनात आलं नाही. खरं तर आलं होतं. धाकटीच्याच, आणि याच वर्षी.

कारण टाळेबंदीने भिंतीच्या या बाजूला एक कायदा लावला आणि त्या बाजूला दुसरा. किराणा अत्यावश्यक ठरला, खेळणी ठरली नाहीत. "पोरांना खेळणं लागत नाही, असं ठरवणाऱ्याला पोरं नसावीत," धाकटा एकदाच म्हणाला आणि मग कित्येक दिवस काहीच बोलला नाही. सगळी गल्लीच तशी गप्प झाली. फोटो स्टुडिओवाला आपल्याच पायरीवर बसून अंडी विकू लागला. ब्यूटी पार्लरवाली माहेरी गेली ती परतलीच नाही. चष्मेवाला रोज इस्त्रीचा शर्ट घालून आपल्या बंद दाराशी येऊन उभा राही, तासाभराने घरी जाई.

आणि थोरल्याच्या दुकानापुढे रांग! लोकांनी अंतर ठेवावं म्हणून त्याने रस्त्यावर पांढरी वर्तुळं काढली. गिऱ्हाइकं वाढली तशी वर्तुळं सरकत सरकत धाकट्याच्या शटरपुढे आली, तीही ओलांडून पुढे गेली. लोक धाकट्याच्या दुकानाला पाठ लावून उभे राहायचे. धाकटीने ते एकदा इमारतीच्या गच्चीवरून पाहिलं, आणि तेव्हापासून तिच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही केल्या थांबेना. त्यातून थोरल्या जावेने, मोठ्या मनाने, महिन्याच्या महिन्याला किराण्याची पिशवी दारात ठेवायला सुरुवात केली. हिशेब नाही, शब्द नाही. धाकटी तो भात रांधायची, वाढायची, आणि घास घास गिळताना जावेच्या नव्या फ्रिजचा विचार करायची. उपकार करणाऱ्याबद्दल वाईट बोलताही येत नाही. उपकाराची तीच तर मेख असते.

"चोरी नाही हो ही," ती आता नवऱ्याला म्हणाली, "घरफोडी आहे. घरातल्यांनी केलेली." आणि तिने वन्संना फोन लावला.

वन्सं म्हणजे दोघा भावांची थोरली बहीण. लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत. सगळी नोकरी बस आगारात, हरवलेल्या वस्तूंच्या काउंटरवर. उभ्या आयुष्यात त्यांनी इतक्या छत्र्या, दातांच्या कवळ्या आणि खोटी माणसं बघितली होती, की नात्यात कुणाचं काही हरवलं की पोलिसांआधी त्यांना बोलावलं जाई.

त्या आल्या, खोके उलटेपालटे करून बघितले, अस्वलाचा खोका मात्र न उघडता बगलेत मारला.

"उघडून बघा ना, वन्सं."

"नको. अजून कुणीच उघडू नका. तू तरी हे अस्वल चालवून बघितलं होतंस का रे, धाकट्या?"

"नाही गं, अक्का. तो शेवटचा माल. आला आणि दुसऱ्याच दिवशी सगळं बंद. सीलबंद फळीवर ठेवला तसाच."

वन्संनी मान डोलावली. "आमच्या काउंटरवर दोन माणसं एकाच छत्रीवर हक्क सांगायची. एक म्हणायचा, 'काळी, लांब, वाकड्या मुठीची.' दुसरा म्हणायचा, 'उघडताना बोटाला चिमटा घेते.' छत्री दुसऱ्याची. खोटा माणूस वस्तूचं रूप सांगतो, धाकटे. ज्याने वापरली तो खोड सांगतो."

"ते छत्रीचं झालं. खेळण्यांचं काय?"

"खेळण्यांचं असं, की किल्ल्या चार आहेत. त्यातली एक तुझ्या कमरेला आहे." वन्सं चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "तेव्हा सुरुवात तुझ्यापासूनच करू."

३

धाकटीचा चेहरा पडला. पण वन्संनी तिला फारसं छळलं नाही. टाळेबंदीत ती इमारतीच्या फाटकाबाहेर पडली नव्हती, हे उभी इमारत सांगेल. धाकटा रोज भाजीच्या वेळी बाहेर पडायचा, दुकानापाशी थांबून जाळीतून आत बघायचा आणि परतायचा.

"रोज?"

"रोज. खोके दिसले की बरं वाटायचं," धाकटा ओशाळून म्हणाला.

वन्संनी त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग त्या धाकटीला घेऊन निघाल्या.

मोबाइलवाला दुकानातच होता. जिभेवर खडीसाखर. "फार वाईट झालं हो, ताई. मी तर म्हणतो, भाऊंनी मनाला लावून घेऊ नये. जागा माझ्याकडे दिली तर पाटी तीच ठेवीन हवं तर."

"खेळण्यांच्या पाटीखाली चार्जर विकणार?" धाकटी फणकारली.

"अस्वल राहिलं म्हणे एक," वन्सं सहज म्हणाल्या.

"ते दोन्ही हातांनी ढोल वाजवणारं ना? बाहेरून दिसायचं. पण चोर खुळाच की! खोके सोडून गेला. बिनखोक्याचा फोन माझ्याकडे कुणी आणला तर मी हातसुद्धा लावत नाही. बिनखोक्याच्या मालाला भाव असतो का?"

"नसतो," वन्सं म्हणाल्या, आणि हा माणूस पहिल्यांदाच उपयोगाचं काहीतरी बोलला, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

थोरलीकडे जाताना धाकटीची पावलं आपोआप जोरात पडू लागली. थोरलीने दार उघडलं, पाणी दिलं. नव्या फ्रिजमधलं. धाकटीने ते घेतलं नाही.

"अस्वल राहिलं ते बरं झालं," थोरली वन्संच्या बगलेतल्या खोक्याकडे बघत म्हणाली. "छान दिसतं खोक्यावर. दोन्ही हातांनी ढोल बडवतंय. पण वन्सं, मला कशाला विचारता? साथ आली तेव्हापासून मी दुकानाची पायरी चढले नाही. किल्ली तिथे खुंटीवर आहे, बघा जाळं धरलंय तिच्यावर."

खरंच धरलं होतं. धाकटीला ते जाळंसुद्धा लबाड वाटलं.

"जाऊबाई, लपवायचं काही नसेल तर तुम्ही रडून डोळे का सुजवलेत?" ती पटकन बोलून गेली.

थोरली आधी चिडली, आणि मग एकदम खुर्चीत बसून हुंदके द्यायला लागली. "तुला बरं विचारायला सुचतं! तुझा नवरा घरात तुझ्या डोळ्यांसमोर होता. माझा पहाटे, दुकानाची वेळ व्हायच्या कितीतरी आधी निघायचा. सारी गिऱ्हाइकी घरपोच, म्हणायचा. परत यायचा तो गुणगुणत! वीस वर्षांत मी त्या माणसाला गुणगुणताना ऐकलं नाही. एकदा शर्टाच्या बाहीला चमकी होती, वन्सं. बायकांच्या कपड्याला असते ना, तसली. त्यांचं… त्यांचं कुणाशी तरी आहे."

धाकटीला क्षणभर काय वाटावं ते कळेना. जिचा एवढा हेवा केला, ती आपल्यासारखीच पोटात निखारा घेऊन बसली होती. कोणा परकीच्या चमकीवर जळत! वाईट वाटलं. थोडंसं, अगदी चमचाभर, बरंही वाटलं.

थोरला दुकानात पुड्या बांधत होता. जाडजूड, भुवया जुळलेल्या. रांगेतली एक लहानशी मुलगी आईच्या मागून त्याच्याकडे टक लावून बघत होती. तो तिच्याकडे बघायचं टाळत होता.

"थोरल्या, भावाचं दुकान लुटलं."

"ऐकलं."

"काय काय गेलं असेल?"

"मला काय ठाऊक, अक्का? मी डाळ-तांदळाचा माणूस. बाबांनी वाटणीच तशी केली. त्याला रंग दिले, मला पोती दिली."

"एक अस्वल तेवढं सोडलं चोराने."

"सोडणारच." त्याने सुतळी दाताने तोडली. "एका हाताने ढोल बडवणारं अस्वल घेऊन चोर काय करील, मिरवणूक काढील?"

रांगेतलं कुणीतरी हसलं. धाकटीच्या कानशिलावर तो टोमणा चटका बसल्यासारखा बसला. आमच्या मालाची टिंगल, आणि तीही आजच्या दिवशी! ती काहीतरी तोडून बोलणार, तोच वन्संनी तिचा दंड धरून तिला बाहेर काढलं.

"सोडा मला! बघितलंत ना कसे बोलले? काम जाऊबाईंचंच आहे. यांना सगळं माहीत आहे."

"चोर कळला," वन्सं म्हणाल्या. "दिवेलागणीला सगळ्यांना खेळण्यांच्या दुकानात बोलाव. आणि त्या मोबाइलवाल्यालाही सांग, चहा आहे म्हणून. चहा तूच कर, आलं घालून."

४

रिकाम्या फळ्यांमध्ये सगळे दाटीवाटीने उभे होते. थोरली नवऱ्यापासून हातभर दूर. धाकटा आपल्या स्टुलावर. मधोमध गल्ल्यावर अस्वलाचा खोका.

"कुलूप तुटलं नाही," वन्संनी सुरुवात केली, "म्हणजे चार किल्ल्यांपैकी एक. धाकटी बाहेर पडली नाही, थोरलीच्या किल्लीवर कोळ्याने घर केलंय. उरले दोन भाऊ."

"अक्का, मी माझंच दुकान…" धाकटा उठू लागला.

"बस. आता माल. मोबाइलवाल्याने मला शहाणं केलं. बिनखोक्याच्या मालाला भाव नसतो. धंद्यातला चोर खोक्यासकट नेतो. म्हणजे हे विकायला नेलंच नव्हतं. मग खोके एवढे नीट लावून का ठेवले? कारण चोराला माहीत होतं, की एक माणूस रोज जाळीतून आत बघतो आणि खोके दिसले की त्याला बरं वाटतं. चोराला ते बरं वाटणं मोडायचं नव्हतं. असला चोर मी काउंटरवर कधी बघितला नाही."

वन्संनी अस्वलाचा खोका पुढे ओढला.

"राहिलं अस्वल. खोका खालून कापलेला, तरी अस्वल आत. म्हणजे चोराने ते काढलं, चालवून बघितलं, आणि परत ठेवलं. का?" वन्संनी खोका उघडला, अस्वल गल्ल्यावर उभं केलं, चावी दिली. अस्वलाने मान डोलावली आणि उजव्या हाताने ढोल बडवायला सुरुवात केली. डावा हात नुसता लोंबत राहिला. "डावा हात जन्मापासून अधू. ही खोड मालकाला ठाऊक नाही. त्याने ते उघडलंच नव्हतं. चित्रात तर दोन्ही हात वर आहेत, आणि थोरली काय, हा मोबाइलवाला काय, सगळ्यांनी मला चित्रच सांगितलं. एकानेच खोड सांगितली. एका हाताचा ढोल."

टक, टक, टक, अस्वल वाजवत होतं. चावी संपली तेव्हा सगळे थोरल्याकडे बघत होते.

"म्हणजे ती चमकी…" थोरली पुटपुटली.

"परीच्या पंखांची," धाकटी म्हणाली, आणि आपली बोटं पुढे केली. सकाळची चमकी अजून गेली नव्हती.

थोरलीने कपाळाला हात लावला. "अहो, मी इकडे जिवाचं पाणी करून घेतलं! परीवर जळत होते मी?"

थोरला जमिनीकडे बघत होता. एवढा मोठा माणूस, पण पोत्यातून धान्य गळावं तसा जागच्या जागी बारीक होत गेला.

"एकच घेणार होतो," तो म्हणाला. "टोकाच्या इमारतीतली मुलगी. दिवसभर गजांना धरून तुझ्या शटरकडे बघायची. एक बाहुली काढली, तांदळाच्या पिशवीत घातली. खोका दिसला असता तर दंड झाला असता, म्हणून बिनखोक्याची. दारात ठेवून जिना उतरलो, तर वरून हाक आली. 'काका!'" तो थांबला. "मला बघून पोरं आईच्या मागे लपतात रे. मी दिसलो की त्यांना डाळ-तांदूळच आठवत असतील. मला अशी हाक कुणी मारली नव्हती. मग दुसरं दार, तिसरं… थांबवेना."

"माझ्याकडे मागितली असतीस तर मीच दिली असती," धाकटा हलकेच म्हणाला.

"मग ती तुझी झाली असती."

हे इतकं सरळ आलं की धाकटीला नजर फिरवावी लागली.

"सगळे म्हणायचे, तुझं नशीब, तुझं दुकान चालू. बाहेर माझी रांग, आणि मी आत बसून बंद दुकानावर जळायचो. बाबांनी तुला खेळणी दिली त्या दिवसापासून जळतोय, धाकट्या."

धाकट्याने गल्ल्यावरचं अस्वल बाजूला सारलं. मग त्याने एकच विचारलं. "पोरांना काय सांगितलंस? कुणाकडची खेळणी?"

थोरला एका रिकाम्या खोक्याची चीर बोटाने चाचपू लागला.

"सांग ना, दादा."

"माझ्याकडची."

"माल भरून येईल," धाकटा म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच चिरला. "पण मी रोज जाळीतून बघायचो ना, ते मालासाठी नव्हतं. वाटायचं, उघडेन तेव्हा पोरं धावत येतील, मला ओळखतील. आज सकाळपासून एक पोर वळलं नाही इकडे. तुझ्या रांगेत उभी होती सगळी. ते घेतलंस तू माझं."

वन्संनी चष्मा पुसला, उगीचच.

"काउंटरचा नियम सांगते," त्या म्हणाल्या. "सापडलेली वस्तू जिथून उचलली तिथेच आणून द्यायची. थोरल्या, फळ्या तू भरायच्यास, हे तर झालंच. पण जी हाक उचललीस तीही परत करायची. तुझ्या तोंडाने, एकेका पोराला. ते जमेल?"

थोरल्याने हो म्हणून मान हलवली. पोतं उचलणं सोपं गेलं असतं त्याला.

"मग जागेचं काय?" मोबाइलवाल्याने कोपऱ्यातून विचारलं.

"चहा प्यायलास ना?" वन्सं म्हणाल्या. "कप ठेव आणि नीघ."

५

माल आला. थोरल्याने स्वतः खोके उतरवून घेतले, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही.

धाकटी या दिवसाची वाट बघत होती. तिने दुकानाच्या दारात मुद्दाम स्टूल टाकलं होतं, जिथून किराण्याची रांग नीट दिसेल. रस्त्यावरची वर्तुळं आता पुसट झाली होती. रांगेत टोकाच्या इमारतीतली ती मुलगी होती, काखेत पंख गळालेली परी.

"काका," तिने थोरल्याला हाक मारली, "हिला नवे पंख आहेत तुमच्याकडे?"

थोरल्याचं माप हवेत थांबलं. साखर थोडी सांडली. मग त्याचा दुसरा हात वर आला, जड काहीतरी उचलल्यासारखा, आणि त्याने शेजारच्या दाराकडे बोट दाखवलं.

"तिकडे बघ. खेळण्यांचे काका तिकडे असतात. तुझी परीसुद्धा त्यांच्याकडचीच. मी नुसता पोचवायला आलो होतो. मी साखरवाला."

मुलगी धावत आली. धाकट्याने गल्ल्यावरून वाकून परी हातात घेतली आणि डॉक्टरसारखी तपासली. पण धाकटी बघत होती दिराकडे. तो चेहरा तिच्या ओळखीचा होता. दुसऱ्याच्या दारातली गर्दी बघताना होणारा चेहरा. वर्षभर तो तिने स्वतःच्या आरशात बघितला होता. तिला वाटलं होतं, आज आपल्याला मजा येईल. तशी आली थोडी, खोटं कशाला बोला. पण फार वेळ टिकली नाही.

ती उठली. गल्ल्याखालचं एका हाताचं अस्वल काढलं, किराण्याच्या दुकानात गेली आणि ते तराजूशेजारी ठेवलं.

"भाऊजी, हे तुमचं. विकायचं नाही हं, खोडीचं आहे."

थोरल्याने हात धोतराला पुसावेत तसे पँटला पुसले आणि चावी दिली. टक, टक, टक. रांगेतल्या पोरांनी वर्तुळं सोडली. आईचे हात सोडले. खेळण्यांच्या दुकानातली परीवालीसुद्धा पंख तिथेच टाकून धावत आली. सगळी तराजूभोवती गोळा झाली, आणि थोरला, जुळलेल्या भुवयांचा थोरला, पुन्हा चावी देताना चक्क गुणगुणत होता.

धाकटी परत येऊन आपल्या दारात उभी राहिली. इकडे दुकान रिकामं, तिकडे ही गर्दी. पोटात डाव्या बाजूला ते जुनंच बारीकसं दुखायला लागलं.

"मेलं ते अस्वल," ती नवऱ्याला म्हणाली, "उगीच दिलं."